मदत हवी आहे: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन १० आठवड्यांवर आलंय, तयारी कशी करून घेऊ?

पायवाट

नमस्कार. आई ६९ वर्षांची आहे. उजव्या गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून काढला, त्यात आतल्या बाजूची फट जवळजवळ मिटलेली दिसते. रिपोर्टवर ग्रेड ४, म्हणजे झिजेची शेवटची पायरी, लिहिलंय. पाय धनुकलीसारखा बाहेर वाकलाय. डावा गुडघाही दुखतो, पण त्यावर अजून निभावतंय. सर्जननी सांधेबदल सुचवला आणि १० आठवड्यांनंतरची तारीख दिली.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. लावायचं जेल, गरजेपुरती पॅरासिटामॉल, मध्येच सोडलेली फिजिओथेरपी. गेल्या वर्षी गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, दोनेक महिने बरं गेलं. दीड महिन्यापूर्वी पुन्हा घेतलं, त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. आईला मधुमेह आहे, एचबीए१सी (साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) ८.६ आलाय. बीपीची गोळी आणि रोज एक अ‍ॅस्पिरिन चालू आहे. वजन ७८ किलो.

खुर्चीतून उठायचं म्हणजे ती आधी पुढे सरकते, दोन्ही हात टेकवते, ओठ मिटून घेते आणि मग उठते. उठल्यावर क्षणभर तशीच उभी राहते, माझ्याकडे बघत नाही. मला ते बघवत नाही. उजव्या पायात मोजा घालणं तर बंदच झालंय, त्या पायाची नखंही मीच कापते. अधूनमधून जांघेत कळ येते म्हणते. लंगडून चालल्यामुळे येत असेल असं आम्ही धरून चाललोय.

या १० आठवड्यांत नेमकं काय करावं? व्यायामाने उरलासुरला सांधा आणखी झिजेल का? घरात काय बदल करायचे? शिवाय आई रात्री एकच विचारते, "ऑपरेशननंतर माझा पाय उठलाच नाही तर?" तिला काय सांगू? ज्यांनी हे स्वतः केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

चालतंबोलतं

मी फिजिओथेरपिस्ट आहे. व्यायामावर नंतर येते. आधी तुम्ही जाता जाता लिहिलेल्या मोज्याबद्दल बोलू.

गुडघा कितीही खराब असला तरी माणूस पाय कसाबसा जवळ ओढून मोजा चढवतो. मोजा घालता येत नाही, नखं कापता येत नाहीत आणि जांघेत कळ येते, ही तीनही लक्षणं एकत्र आली की मी खुबा तपासते. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या सांध्याला जाणाऱ्या काही नसा एकच आहेत. त्यामुळे दुखतो खुबा आणि रुग्ण हात ठेवतो गुडघ्यावर, असं वरचेवर होतं. काहींना तर जांघेत काहीच जाणवत नाही, फक्त मांडीच्या पुढच्या बाजूला आणि गुडघ्यात ठणकतं. दुसऱ्या इंजेक्शनचा काहीच उपयोग झाला नाही, त्याचंही एक कारण हेच असू शकतं.

आई उताणी झोपलेली असताना डॉक्टर तिचा गुडघा आणि खुबा ९० अंशांत वाकवतील आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेतील. त्याने खुबा आत वळतो. झिजलेल्या खुब्यात ही हालचाल सगळ्यात आधी अडते आणि कळ जांघेत निघते. घरी जोर लावून करून बघू नका, पण पुढच्या भेटीत "खुबा तपासा आणि कमरेच्या हाडांचा एक्स-रे काढा" असं स्पष्ट म्हणा. गुडघा खराब आहेच, प्रश्न फक्त दुखण्यात कुणाचा वाटा किती एवढाच आहे. तरीही उलगडा झाला नाही तर सोनोग्राफीत बघून खुब्यात भुलीचं इंजेक्शन देतात. त्या काही तासांत दुखणं थांबलं तर उत्तर मिळालं. मात्र स्टेरॉइड मिसळू देऊ नका, कारण ज्या सांध्यात ते गेलं त्याचं ऑपरेशन साधारण ३ महिने टाळतात, जंतुसंसर्गाची भीती वाढते.

आणि दोन्ही सांधे सारखेच खराब निघाले तर बहुतेक सर्जन आधी खुबा करतात. खुबा अखडलेला असेल तर नव्या गुडघ्याचा व्यायाम धड होत नाही, आणि खुबा बदलल्यावर गुडघ्याचं दुखणं किती उरतं तेही कळतं.

आता व्यायाम. योग्य व्यायामाने झीज वाढत नाही. मांडीचा पुढचा स्नायू सांध्यावरचा भार उचलतो, तो सुकला की सगळा दणका हाडावर येतो. पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवायची आणि गुडघा तिच्यावर दाबून ५ सेकंद धरायचा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. उंच खुर्चीतून हातांचा कमीत कमी आधार घेत उठबस. व्यायामानंतर थोडं दुखणार, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही तर प्रमाण कमी करा, बंद करू नका. काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजव्या हातात धरली तर भार हवा तसा हलका होत नाही. वॉकर आत्ताच आणून त्यावर चालायची सवय करा. ऑपरेशननंतर गुंगीत आणि वेदनेत नवीन काही शिकणं जड जातं.

शांतरात्र

मी ऑपरेशनआधीच्या तपासणी विभागात नर्स आहे. तारीख पुढे जाण्याची कारणं रोज बघते म्हणून लिहिते.

एचबीए१सी ८.६ असेल तर बरेच सर्जन थांबायला सांगतात, साधारण ७.५ ते ८ च्या खाली मागतात. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा असतो. तेव्हा शेवटच्या आठवड्यात धावपळ करून तो हलणार नाही, मधुमेहाच्या डॉक्टरांना याच आठवड्यात भेटा. दात आत्ताच दाखवा, किडका दात किंवा सुजलेली हिरडी असेल तर उपचार आधी व्हायला हवेत. लघवीला जळजळ, पायाच्या बोटांमधल्या चिरा, टाचेच्या भेगा, एखादी न भरणारी जखम, काहीही लपवू नका. नव्या सांध्यात जंतू शिरले तर ते काढणं फार अवघड असतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर भरून काढायला आठवडे लागतात, म्हणून तेही आत्ताच बघा.

अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका, ती का दिलीय यावर निर्णय ठरतो. सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहून न्या, काढे आणि चूर्णंसुद्धा. घरात कुणाच्या सांगण्यावरून वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, बीपी आणि मधुमेह असलेल्यांच्या मूत्रपिंडाला त्या जड जातात.

वजनाचं म्हणाल तर १ किलो उतरलं की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक साधारण ४ किलोने कमी होतो. पण उपाशी ठेवू नका, जखम भरायला प्रथिनं लागतात.

सावकाश

माझे दोन्ही गुडघे बदललेत, पहिला ४ वर्षांपूर्वी. तुमच्या आईंचा प्रश्न मीही विचारला होता. त्यांना सांगा की दुसऱ्याच दिवशी, कधी कधी तर त्याच संध्याकाळी, वॉकर धरून उभं करतात. पाय उठतो. पहिले दोन आठवडे मात्र खरंच कठीण जातात, हे लपवू नका, नाहीतर त्या दिवसांत आईंना वाटेल की काहीतरी बिघडलं.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो. रात्री गुडघ्याखाली उशी घेतली की फार बरं वाटायचं, म्हणून १० दिवस तसाच झोपलो. पाय पूर्ण सरळ होईना. ते १०-१२ अंश परत मिळवायला पुढचे ६ आठवडे रडत व्यायाम केला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर उशी टाचेखाली घ्या, गुडघ्याखाली कधीच नको. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहते, त्याला घाबरू नका. घोट्यापासून पाऊल वरखाली हलवत राहा, रक्त साकळू नये म्हणून. पोटरी अचानक सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली तर सकाळची वाट पाहू नका.

नवा सांधा किती टिकतो हेही आई विचारतील. मोठ्या नोंदींनुसार २५ वर्षांनंतरही साधारण ८२ टक्के गुडघे आणि ५८ टक्के खुबे तसेच चालू असतात. साठी उलटलेल्या बऱ्याच जणांना तो सांधा पुन्हा बदलावा लागत नाही. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाचांतल्या एखाद्याला मनासारखा आराम पडत नाही. म्हणून वरच्या ताईंनी म्हटलंय तसं दुखणं नेमकं कुठलं हे आधी पक्कं करा.

पायवाट

११ दिवसांनी लिहितेय. चालतंबोलतं ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. एक्स-रे काढला. उजव्या खुब्यात गोळा आणि वाटीमधली फट उरलेलीच नाही, कडेला हाडाचे काटे वाढलेत. डॉक्टरांनी पाऊल बाहेर नेलं तसा आईने पलंगाचा काठ धरला आणि म्हणाली, "हीच ती कळ." दोन वर्षं आम्ही गुडघ्याला जेल चोळत होतो. आता आधी खुबा करायचं ठरलंय, तारीख तीच आहे. गुडघ्याचं त्यानंतर ३-४ महिन्यांनी बघू म्हणाले. इन्शुलिन सुरू झालंय, एक दाढ काढली.

खुब्यासाठी घरातली तयारी वेगळी असते का?

चालतंबोलतं

थोडी वेगळी. छेद मागच्या बाजूने घेणार असतील तर सांधा निखळू नये म्हणून सुरुवातीचे काही आठवडे खुबा ९० अंशांपलीकडे वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाऊल आत वळवायचं नाही. कुठल्या बाजूने करणार ते सर्जनना विचारा, नियम त्यावर ठरतात. कुशीवर झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. खाली पडलेलं उचलायला लांब दांड्याचा चिमटा, बूट घालायला लांब शूहॉर्न. कमोडवर उंची वाढवणारी बैठक बसवा. घसरणाऱ्या सतरंज्या आणि वाटेतल्या वायरी काढून टाका. आणि खुर्ची हात असलेली हवी, बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा वर राहील इतकी उंच.

पायवाट

आज मोजलं. आईच्या गुडघ्याची मागची घडी जमिनीपासून ४३ सेंटीमीटर आणि तिची आवडती खुर्ची ४१. सुताराने चारही पायांना ८ सेंटीमीटरचे ठोकळे घट्ट बसवून दिले, हलवून पाहिली, डुगडुगत नाही. आई तिच्यावर बसली आणि नेहमीसारखे ओठ न मिटता उठली. मग म्हणाली, "हे आधी का नाही केलंस?" आता रोज सकाळी त्याच खुर्चीवर उठबस चालू आहे. कालपर्यंत ६ जमत होत्या, आज ८ झाल्या. दुखणं संध्याकाळपर्यंत उतरतं. ऑपरेशन झालं की इथेच लिहीन.