विषय: समन्स आलंय, काय करावं? (नाव न देता विचारलेला प्रश्न)

नमस्कार मंडळी,
आपल्या एका सभासद ताईंनी हे पाठवलंय. नाव द्यायचं नाही असं ठरलंय. कुणी अंदाज बांधत बसू नये, ही कळकळीची विनंती.
– यादीची व्यवस्था पाहणारी

"आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवऱ्याची नोकरी गेल्या जूनमध्ये गेली, दुसरी लागली ती निम्म्या पगारावर. मधले महिने घरभाडं, मुलीचं डेकेअर, सगळं कार्डांवर चाललं. आता चार कार्डांचे मिळून ४१ हजार डॉलर झालेत. माझ्या एम.एस.च्या खाजगी कर्जाचे ३६ हजार वेगळे, आणि त्यावर को-सायनर (जामीनदार) म्हणून मामेभावाची सही आहे. परवा एका कार्डाच्या थकबाकीचं कोर्टाचं समन्स आलं. सासूबाई आल्या आहेत, म्हणून ते तूरडाळीच्या डब्यामागे ठेवलंय. नवरा म्हणतो ४०१(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं खातं, मोडून टाकू. मला वाटतं मामांचे ८ हजार आधी परत करावेत. पुण्यात दोघांच्या नावावर एक वन-बीएचके आहे. रात्री झोप लागत नाही."

---

ताई,
आधी ते समन्स डब्यामागून काढा आणि त्यावरची तारीख बघा. न्यू जर्सीत ते बजावल्यापासून ३५ दिवसांत लेखी उत्तर दाखल करावं लागतं. उत्तर गेलं नाही तर तुमची बाजू न ऐकताच निकाल लागतो, मग पगारातून कपात आणि बँक खात्यावर टाच. हे मी अनुभवाने सांगतोय. २००९ मध्ये "कर्ज निम्म्यावर आणून देतो" म्हणणाऱ्या एका कंपनीच्या नादी आम्ही लागलो. कार्डांचे हप्ते बंद करून १४ महिने त्यांना पैसे भरले. समन्स आलं त्या दिवसापासून त्यांनी फोन उचलला नाही. २०१० पासून फोनवरून असे सौदे करणाऱ्यांना तडजोड होण्याआधी फी घ्यायला मनाई आहे. कुणी आधी पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरा.

४०१(के)ला कृपा करून हात लावू नका. बँकरप्सी (कोर्टातून दिवाळखोरी) केली तरी तो पैसा सावकारांना मिळत नाही, १९९२ मध्येच सुप्रीम कोर्टाने तसा निकाल दिलाय. तुमच्या वयात मोडलात तर कर भरा, वर बहुतेकदा १० टक्के दंड, आणि उरलेलं कार्डवाल्यांच्या घशात. म्हातारपणाची पुंजी आहे ती.

मामांचे पैसे आत्ता देऊ नका. वाईट वाटेल, पण बँकरप्सीआधीच्या वर्षभरात जवळच्या नातलगाला कर्ज फेडलं, तर ट्रस्टी (दिवाळखोरीचं प्रकरण सांभाळायला नेमलेला माणूस) ते त्यांच्याकडून परत मागू शकतो. मामांच्या दारात नोटीस गेलेली तुम्हाला चालेल का? आणि पुण्याचा फ्लॅट लपवायचा विचारही करू नका. मालमत्ता जगात कुठेही असो, ती कागदावर दाखवावीच लागते. तिकडच्या मुदत ठेवी आणि लॉकरमधलं सोनंसुद्धा. लपवणं हा फौजदारी गुन्हा आहे.

त्या फ्लॅटमुळेच मला वाटतं की बँकरप्सीच्या दोन प्रकारांपैकी चॅप्टर ७ पेक्षा चॅप्टर १३ बद्दल वकिलांना नीट विचारा. ७ मध्ये कार्डांचं कर्ज काही महिन्यांत माफ होतं, पण सूट न मिळणारी मालमत्ता ट्रस्टी विकू शकतो. १३ मध्ये मालमत्ता तुमच्याकडे राहते आणि तीन ते पाच वर्षं ठरलेला हप्ता भरायचा. दुसरं म्हणजे, अशा घरगुती कर्जात १३ चालू असताना को-सायनरच्या मागे लागण्यालाही साधारणपणे स्थगिती असते. तुमच्या भावासाठी हे महत्त्वाचं. मात्र तुमचं कर्ज माफ झालं तरी त्याची सही माफ होत नाही, हे त्याला आजच सांगा.

एम.एस.चं कर्ज अवघड आहे. १९७६ पासून कायदा विद्यार्थी कर्जाला वेगळं काढतो, आणि २००५ पासून बहुतेक खाजगी कर्जंही त्यात आली. बँकरप्सीच्या आत वेगळा दावा लावून 'अनड्यू हार्डशिप' सिद्ध करावी लागते: आज किमान घरखर्चही भागत नाही, ही स्थिती पुढेही बराच काळ टिकेल, आणि फेडायचा प्रामाणिक प्रयत्न केला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात सरकारने ही वाट थोडी सोपी केली, पण फक्त स्वतःकडच्या फेडरल कर्जांसाठी. तरी जुने कागद काढा. कॉलेजने ठरवलेल्या खर्चापेक्षा जास्त रक्कम उचलली असेल, तर ते कर्ज साध्या कर्जासारखं माफ होण्याची शक्यता असते. वकिलांना हे मुद्दाम विचारा.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी किंवा रात्री ९ नंतर फोन करता येत नाही. लेखी कळवलंत तर फोन थांबवावे लागतात. सासूबाईंसमोर फोन वाजण्याची धास्ती तेवढी कमी होईल.
– माजी खजिनदार

---

ताई, काकांनी सगळं सांगितलंच आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि त्याची भीती असेल तर: बँकरप्सीसाठी नागरिकत्व लागत नाही, इथे राहत असलं की पुरतं.

यादीवरच्या इतरांसाठी एक. ज्यांचं शिक्षण कर्ज भारतातल्या बँकेचं आहे आणि आईवडिलांचं घर तारण आहे, त्यांचं ते घर इथल्या बँकरप्सीने वाचत नाही. माझे तीन हप्ते चुकले आणि साताऱ्यात बाबांनी रजिस्टर पोस्टाचं पाकीट सही करून घेतलं. सरफेसी कायद्याची (बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा भारतातला कायदा) ६० दिवसांची नोटीस होती. त्यांनी मला ती आठ दिवस सांगितली नाही, मला परदेशात त्रास नको म्हणून. मग बँकेत जाऊन हप्ते नव्याने बांधून घेतले. घरच्यांना सांगून ठेवा, बँकेचं पाकीट आलं की त्याच दिवशी फोटो पाठवा.

---

सगळ्यांचे मनापासून आभार. समन्स काढलं. ३५ मधले १२ दिवस गेलेत. विनामूल्य कायदा मदत केंद्रात गुरुवारी सकाळी वेळ मिळालीय, फ्लॅटच्या इंडेक्स टूची (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) प्रत घेऊन जातेय. मामांना फोन केला. ते म्हणाले, "पैशांचं राहू दे, तू जेवलीस का?" सासूबाईंनाही सांगितलं. त्या गुरुवारी मुलीला सांभाळणार आहेत.