आजोबांची बेल्जियन दुनळी: नळ्या आतून घासून घ्याव्यात का?

कुडाळकर:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे शेतीसंरक्षण परवान्यावरची बारा बोअरची दुनळी आहे, बाहेर घोडे असलेली. आजोबांनंतर परवाना बाबांच्या नावावर झाला. नळ्यांवर तपकिरी नागमोडी नक्षी आहे. खालच्या अंगाला अंडाकृती शिक्क्यात ई-एल-जी, त्यावर मुकुट, आणि शेजारी १८.३ असा आकडा. पावसाळाभर ती चामड्याच्या गवसणीत राहिली आणि डावी नळी आतून काळवंडली, ठिपके पडले. दुरुस्तीवाला म्हणतो, आतून घासून आरसा करतो आणि बाहेरून हॉट ब्लू, म्हणजे गरम रसायनात बुडवून निळा-काळा रंग, करून देतो. द्यावी का? भात पिकायला लागलंय, डुकरांचा उपद्रव सुरू झालाय.

जुनी नळी:
कुडाळकर, त्याच्याकडे दिली असेल तर आधी परत घेऊन या. आमच्या घरात परवान्यानिशी बंदूक दुरुस्तीचंच काम चालत आलंय, म्हणून हक्काने सांगतो.

तो शिक्का बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीगृहाचा, जिथे जादा दाबाचं काडतूस उडवून नळी तपासतात. मुकुट आहे म्हणजे १८९३ नंतरचा. नक्षी दमास्कस नळीची: लोखंड-पोलादाच्या कांबी पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव केलेल्या. लिएजजवळ व्हेद्र नदीच्या खोऱ्यातली कारागीर कुटुंबं हे काम करत. असं काम आता होणे नाही, म्हणून जीव तुटतो.

१८.३ म्हणजे चाचणीच्या वेळचा नळीचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. मागच्या टोकापासून वीतभर आत, २३ सेंटिमीटरच्या आसपास, बोअर गेजने आज किती भरतो ते बघा. १८.५ भरला तर आधीच कुणीतरी घासलेली आहे. मग भिंतीची जाडी. त्याला वेगळं गेज लागतं; तोंडाशी व्हर्नियर लावून उपयोग नाही, तिथे चोक, म्हणजे नळी आतून किंचित अरुंद केलेली, असतो. पातळ जागा बहुधा पुढच्या अर्ध्या भागात सापडते. इंग्लंडातले जाणकार अर्ध्या मिलिमीटरच्या खालची नळी घेत नाहीत. खड्डा घासून काढायचा तर त्याच्या तळापर्यंत सगळीकडचं लोखंड काढावं लागतं. आरसा मिळतो आणि नळी जाते.

हॉट ब्लू तर अजिबात नको. दोन नळ्यांमधली पट्टी कथलाच्या डाकाने बसवलेली असते. उकळत्या कॉस्टिकच्या हौदात तो डाक खाल्ला जातो, द्रव पट्टीखाली शिरतो आणि आतून गंज धरतो. पट्टी आज घट्ट आहे का ते घरी कळेल: नळ्या सोडवा, नळ्यांच्या खालच्या हुकाला दोरी बांधून टांगा आणि बोटाच्या पेराने ठोका. खणखणीत, लांब नाद यायला हवा. किरकिरला तर पट्टी सुटलीय.

काळं दिसतं ते सगळे खड्डेच असतील असं नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याचं मीठ मागे राहतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि तेलात विरघळत नाही. कढत पाणी ओता, पूर्ण कोरडी करा, तेल लावून रात्रभर ठेवा, मग पितळी ब्रश. त्यानंतर खिडकीकडे धरून आत बघा. उजेडाची रेघ जिथे मोडते तिथे नळी दबून पोचा आलेला, पूर्ण कडं दिसलं तर नळी फुगलेली.

गवसणी बंद. चामडं ओल धरून ठेवतं. कपाटात तोंड खाली करून उभी ठेवा, तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही.

आणि डुकरांचं म्हणाल तर, सिंहाखाली पी-व्ही असा शिक्का, म्हणजे आधुनिक बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याची खूण, आहे का? नसेल तर ती काळ्या दारूसाठीच तपासलेली. आजचं काडतूस घालू नका. त्या काळातली नळीतली काडतुसाची घरं बहुतेक ६५ मिमीची. ७० मिमीचं काडतूस आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब चढतो.

मुक्काम बर्मिंगहॅम:
इथे बॅनबरी स्ट्रीटवर १८१३ सालचं चाचणीगृह अजून चालू आहे. नळी शिक्क्यातल्या मापापेक्षा मर्यादेबाहेर मोठी झाली की तिची चाचणी रद्द धरतात. १८६८ च्या कायद्याने तशी बंदूक विकणं गुन्हा आहे. पुन्हा तपासायची तर जादा दाबाचं काडतूस उडवतात. पातळ नळी त्यातच फुगते.

कुडाळकर:
बंदूक परत आणली. दुसऱ्या परवानाधारक कारागिराकडून मोजून घेतली: उजवी १८.३, डावी १८.६, भिंत एका जागी ०.४. पी-व्ही कुठेच नाही. नाद मात्र छान लांब आला.

जुनी नळी:
म्हणजे पट्टी शाबूत आहे, पण डावी संपली. उजवीतही आजचं काडतूस नको, बाबा कितीही म्हणोत. राखणीसाठी परवान्यावर दुसरी बंदूक नोंदवता येईल का, ते कलेक्टर कचेरीत विचारा. ही तेल लावून ठेवा, पावसाळ्यात दर पंधरवड्याला कापड फिरवा. नक्षीचा जवळून फोटो टाकाल का?