मिरी, जायफळ, दालचिनी द्विदल नाहीत : अभ्यासक्रम कधी बदलणार?

वाडीतला मास्तर
रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात गेली बावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतोय. पहिल्याच तासाला आम्ही फळ्यावर दोन रकाने आखतो. नारळ, सुपारी, भात एकदल. आंबा, काजू, मिरी, जायफळ, दालचिनी द्विदल. यातली शेवटची तिन्ही नावं चुकीच्या रकान्यात आहेत.

मिरी, जायफळ, दालचिनी, सोनचाफा, रामफळ हे सगळं एक वेगळंच गोत. रुजताना दोन दलं दिसतात हे खरं, पण आंबा-काजूच्या घराण्यापासून त्यांची वाट १० कोटी वर्षांपेक्षाही आधी फुटली. कमळ आणि कुमुद एकाच तळ्यात, एकसारखी पानं पसरून असतात, म्हणून आपण त्यांना भावंडं समजत आलो. डीएनए सांगतो की कुमुद फुलझाडांच्या अगदी जुन्या फांदीवरचं, तर कमळाचा जवळचा नातलग काश्मीरचा चिनार!

पाकळ्या आणि पुंकेसर मोजण्यात मुलांचे तासच्या तास जातात. ते निम्मे करा आणि जनुकसंच (जिनोम, म्हणजे सजीवाचा अख्खा डीएनए) कसा वाचतात ते शिकवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सड्यावरची
सर, आदर राखून सांगते, मला हे पटत नाही. सोनचाफ्याच्या परागकणाला एकच खाच असते, आंब्याच्या परागकणाला तीन. हा फरक सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्यांनी जनुकसंच वाचायच्या कितीतरी आधी टिपला होता. तुम्ही जे तास कापायला निघालात, त्याच तासांतून तो आला.

आणि जनुकसंच वाचून भांडण मिटलं का? २०१९ च्या जानेवारीत एकाच नियतकालिकात दोन निबंध आले. चाफ्याच्या कुळातल्या एका झाडाचा जनुकसंच वाचणाऱ्यांनी सांगितलं, हे गोत एकदल-द्विदल वेगळे व्हायच्या आधीच निघालं. दालचिनीच्या कुळातलं झाड वाचणाऱ्यांनी सांगितलं, नाही, ते द्विदलांच्या जवळचं. आता मुलांना यातलं कुठलं शिकवू?

कलमवालो
सर, माका त्या चाफ्या-मिऱ्याचा काय कळणा नाय. हापूसचो जिनोम २०२० साली वाचून झालो म्हणतत. बरा झाला. पण माझ्या आंब्यात साको पडता, आतलो गर पांढरो स्पंजासारखो होता, त्याचा काय? साको नसलेलो रत्ना वेंगुर्ल्यात झालो तो नीलम आणि हापूसचो संकर करून. तेव्हा कोणाकडे जिनोम होतो?

वाडीतला मास्तर
दादा, रत्नासाठी संकर करणाऱ्यांना रोप फळ धरेपर्यंत वर्षानुवर्षं वाट बघावी लागली. बाठ्यातून आलेलं झाड किती वर्षांनी धरतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. गुणाची खूण जनुकांत सापडली, तर रोप वाफ्यात असतानाच निवडता येतं. हापूसचा जनुकसंच चीनमधल्या शास्त्रज्ञांनी वाचला, आपण नाही, हे मला मनापासून लागतं.

ताई, परागाचं कबूल. पण २०१९ चं भांडण मला उलट मोलाचं वाटतं. ही घराणी इतक्या थोड्या काळात एकामागून एक फुटली की प्रत्येक जनुक आपापली वेगळी हकिगत सांगतं. १८७९ साली डार्विनने आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला, हूकरला, पत्र लिहून याच अचानकपणाला गूढ म्हटलं होतं. २०२४ मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी ९,५०६ जातींची ३५३ जनुकं ताडून पाहिली, तेव्हा आजच्या मुख्य घराण्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त त्या पहिल्या झपाट्यातच निघाली असं दिसलं. हे पाकळ्या मोजून कधीच कळलं नसतं.

न्यू कॅलेडोनिया बेटावरचं अ‍ॅम्बोरेला हे झुडूप फुलझाडांच्या सगळ्यात जुन्या फांदीवरचं. त्याचा जनुकसंच २०१३ मध्ये वाचला गेला आणि आणखी एक गोष्ट पक्की झाली. सगळ्या फुलझाडांच्या पूर्वजात जनुकसंच एकदा अख्खा दुप्पट झाला होता. एक प्रत जुनं काम सांभाळते, दुसरी नवं शिकायला मोकळी. फूल घडवणारी कित्येक जनुकं अशीच आली. तुमच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, सीतेची आसवं ही इवलीशी किडे खाणारी वनस्पती घ्या. त्यांच्या गोतातल्या एका जातीत जनुकसंच तीनदा दुप्पट होऊनही पुढे इतका झडला की फक्त ८ कोटी २० लाख अक्षरं उरली. माणसात ३०० कोटी. तरी तिच्यात जनुकं सुमारे २८,५००, आपल्यापेक्षा जास्त! हे वाचल्यापासून आसवांवरून पाय टाकवत नाही.

सड्यावरची
सर, त्या ९,५०६ जातींतले काही नमुने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी दाबून, वाळवून, नाव घालून ठेवलेले होते. त्या माणसाला डीएनए हा शब्दही ठाऊक नव्हता. पण फूल ओळखता येत होतं, म्हणूनच आज तुमच्या यंत्रात काय घातलंय ते कळतं. चुकीचं नाव पडलेलं झाड वाचलं तर वंशावळही चुकीचीच निघणार.

आमच्याकडे हे नाव घालणारं माणूसच उरत नाहीये. दीपकाडी कोकणच्या जांभ्या सड्यांवरची, पहिल्या पावसात पांढरी फुलते आणि थोड्या आठवड्यांत दिसेनाशी होते. बाकीचे महिने सडा उघडा, काळा. तेव्हा बघणाऱ्याला तो पडीक वाटतो आणि चिरेखाण सुरू होते. आमच्या घरामागचा तुकडा गेल्या उन्हाळ्यात असाच गेला. त्याआधीच्या जूनमध्ये मी तिथली तीन झाडं दाबून ठेवली होती.

त्यातलं एक तुमच्या कॉलेजसाठी काढून ठेवते. डीएनएसाठी पानाचा तुकडा खुशाल घ्या. पण कागदाच्या कोपऱ्यात जागेचं नाव आणि तारीख लिहिली आहे, ती मुलांना आधी वाचून दाखवा.