मदत हवी आहे: लिंगाला भाषेतले सूर वाक्याच्या शेवटी कसे ओळखावेत?

काँगोत बोलल्या जाणाऱ्या लिंगालात उच्च आणि नीच असे दोनच सूर, पण अनेकदा अर्थ त्यांवरच ठरतो. ‘मोतो’ची दोन्ही अक्षरे नीच तर माणूस, दुसरे उच्च तर डोके, पहिले उच्च तर आग. आगीतला ‘ओ’ मुळात विवृत, म्हणजे तोंड जास्त उघडून उच्चारलेला. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या राजधानीत, किन्शासात, अनेकांच्या बोलण्यात ७ स्वरांचे ५ झाल्याने तोही आधार जातो.

अडचण अशी, की वाक्य सरकते तशी आवाजाची पट्टी उतरते आणि शेवटचा उच्च सूर सुरुवातीच्या नीचाइतका दिसतो. नव्या ध्वनिमुद्रणात शब्द ठरावीक वाक्याच्या मधोमध ठेवता येतो. जुन्या, मोकळ्या संभाषणांत काय करावे? प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक श्वासगटाची (एका श्वासात बोललेल्या तुकड्याची) वेगळी आधाररेषा काढता, की फक्त शेजारच्या अक्षराशी सेमीटोनमध्ये (अर्ध्या स्वराच्या मापात) तुलना करता? शिवाय ‘त’सारख्या अघोष (स्वरतंतू न कंपता उच्चारलेल्या) व्यंजनानंतर सूर क्षणभर चढतो, स्वराचा सुरुवातीचा किती भाग वगळता?