मदत हवी आहे: काटा हलत नाही, उत्साह टिकवायचा कसा?

वय ३८, उंची ५ फूट २ इंच, वजन ७४ किलो. थायरॉइड, साखर नॉर्मल, गुडघेही ठीक. सुरुवातीला वजन भराभर उतरलं आणि आता तिथेच अडलंय. पहिली घट बरीचशी पाण्याची असते (ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेच्या, एका ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं), पाळीच्या आधी पाणी साचून आकडा वर दिसतो, हे सगळं वाचलंय. पटतंही. पण सकाळी तोच आकडा दिसला की चालायचे बूट घालावेसेच वाटत नाहीत.

सध्या पाऊण तास चालणं, बिनसाखरेचा चहा, रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ आणि काकडी. दुपारचा डबा सासूबाई भरतात. तूप कमी लावा म्हटलं, की "अगं, एवढ्याने काय होतंय" म्हणत पोळीवर आणखी एक चमचा पडतो. तो वाद मला घालायचा नाहीये. कॅलरी मोजायचं ॲप घेतलं होतं, पण थालीपीठ आणि आमटीचा हिशोब लावता लावता वैतागले. पावडरी, शेक, कडक उपास सुचवू नका. जिमला वेळ नाही.

काटा माळ्यावर टाकून फक्त कमरेचं माप घ्यावं असं मनात आहे (८० सेंटिमीटरच्या आत यायचंय). ज्यांनी पहिले दोन-तीन महिने निभावलेत त्यांनी सांगा: वजन रोज करायचात, आठवड्याने की महिन्याने? आणि आकडा हलत नव्हता तेव्हा नेमकं कशाकडे बघून चालू ठेवलंत?