सल्ला हवा: समुद्रफेनावरून माकूल शिकवायचंय, तेही परभणी जिल्ह्यात बसून

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर विज्ञान शिकवतो. वर्गातल्या एका मुलीच्या घरी लव्हबर्ड आहेत. पिंजऱ्याला बांधलेला समुद्रफेनाचा तुकडा ती घेऊन आली आणि "सर, हे हाड हाय का दगड?" म्हणून विचारलं. समुद्रफेन माकूल, म्हणजे कटलफिश, या समुद्री प्राण्याच्या पाठीतून निघतं, त्यावरून आठवीच्या लेकरांनी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्राणीच मांडायचं ठरवलंय. आमच्यापैकी बहुतेकांनी समुद्रच पाहिलेला नाही. पुस्तकात मृदुकाय संघाखाली एक नाव आणि एक आकृती, संपलं.

सल्ला हवाय तो असा: कोणती एक प्रजाती घ्यावी, समुद्रफेन कुठून आणि कसं निवडून घ्यावं, त्यावर शाळेत काय प्रयोग होतील, आणि अख्खं माकूल बघायला मिळेल अशी जवळची जागा कोणती. बजेट हजार-बाराशेच्या पुढं जाणार नाही. यूट्यूब दाखवलंय, ते सुचवू नका.

लव्हबर्डवाला लातूर
सर, पेट शॉपमधला पॅकबंद तुकडा घेऊ नका. त्याच्या कडा घासलेल्या असतात आणि मागचं टोक बहुधा उडालेलं असतं. काष्ठौषधीच्या दुकानात "अख्खं समुद्रफेन दाखवा" म्हणा. आमच्याकडं गंजगोलाईत मिळतं, परभणीतही जुन्या दुकानात मिळायला हरकत नाही. पोत्यात तळाशी नुसता चुरा असतो, म्हणून स्वतः हात घालून निवडा. एक बाजू कडक, खरखरीत. दुसरी बाजू मऊ, नखानं दाबलं की खूण उमटते आणि पांढरी पूड बोटाला लागते. पिवळं पडलेलं, कुबट वासाचं सोडून द्या.

आणि त्या मुलीला सांगा, पिंजऱ्यात मऊ बाजू पाखराकडं ठेवायची. मादी अंड्यावर आली की एका रात्रीत अर्धा तुकडा फस्त करते. पण नुसतं कॅल्शियम खाऊन भागत नाही, कोवळं ऊनही पाहिजे, आणि ते काचेआडचं नको. ऊन नसेल तर ते कॅल्शियम अंगी लागत नाही आणि अंडं अडकतं. माझा हाच अनुभव आहे.

उदगीरचा फिशरीवाला
सर, उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकलो, नंतर बरीच वर्षं किनाऱ्यावर काढली. जरा सविस्तर लिहितो.

प्रजाती फॅरो कटलफिश घ्या, शास्त्रीय नाव सेपिया फॅराओनिस. तांबड्या समुद्रातल्या नमुन्यांवरून एरेनबर्गनं १८३१ साली तिचं वर्णन केलं, म्हणून नावात इजिप्तचा फॅरो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत ती पसरलीय. आपल्या अरबी समुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यात येणाऱ्या कटलफिशांमध्ये हीच सगळ्यात मोठी आणि धंद्याच्या दृष्टीनं महत्त्वाची. धड ४० सेंटिमीटरच्या पुढं जातं, वजन ५ किलोपर्यंत. एवढं वाढूनही आयुष्य जेमतेम वर्षाच्या आसपास. लेकरांना हे आधी सांगा.

राहते कुठं? किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यापासून साधारण १३० मीटर खोलीपर्यंत, पण जास्त करून वरच्या ४० मीटरमध्ये, विणीच्या दिवसांत तर नक्कीच. वाळूचा, चिखलाचा तळ, मध्येमध्ये खडक किंवा प्रवाळ. वीण आली की मादीला अंडी चिकटवायला काहीतरी पक्कं लागतं: शेवाळ, फांदी, प्रवाळ, दोर. अंडी पांढुरकी असतात, एकेक करून घोसात चिकटवलेली. नर तिथंच पहारा देतो. अंगावर वाघासारखे पट्टे चढवतो आणि दुसरा नर आला की हात पसरून अडवतो. पाणी २८ अंशांच्या आसपास असेल तर दोनेक आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात, आणि ती पहिल्या दिवसापासून लहानसं माकूलच असतात. खेकड्या-कोळंबीच्या पिल्लांसारखी वेगळी अवस्था मध्ये नसते. विणीनंतर आईबाप मरतात.

याच सवयीचा फायदा कर्नाटकच्या किनाऱ्यावर घेतात. नारळाचे झुपके दोराला बांधून समुद्रात सोडायचे, माद्या अंडी घालायला जमल्या की गळानं उचलायच्या. मादी गेली, आणि वर काढलेल्या झुपक्यांवरची अंडीही वाया गेली. प्रदर्शनात एक तक्ता याचा ठेवाच. परीक्षक हमखास विचारतात, "याचा समाजाशी संबंध काय?"

आता खरा माल म्हणजे तुमच्या हातातलं समुद्रफेन. माझं स्पष्ट मत आहे की मॉडेलवर पैसे घालवू नका, या फेनावरच सगळं उभं करा. तो आतला शिंपला आहे. कॅल्शियम कार्बोनेटचा, अॅरागोनाइट नावाच्या स्फटिकरूपातला. धारदार ब्लेडनं (तुम्ही स्वतः, पोरांच्या हाती नको) आडवा छेद घ्या आणि दहापटीच्या भिंगाखाली धरा. एकावर एक पातळ मजले दिसतील, दोन मजल्यांतलं अंतर मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि मध्ये नागमोडी उभ्या भिंती. एवढ्या बारीक बांधणीमुळंच तो हलका असूनही पाण्याचा दाब झेलतो.

माकूल नवा मजला बांधतं तेव्हा तो द्रवानं भरलेला असतो. मग फेनाच्या खालच्या मागच्या भागातलं जिवंत पटल त्यातले क्षार ओढून घेतं, क्षारांमागं पाणी निघून जातं आणि रिकाम्या जागेत हळूहळू वायू झिरपतो. मुख्यतः नायट्रोजन. म्हणजे हवा भरून पाणी ढकललं जात नाही, आधी पाणी जातं. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या प्रयोगशाळेत डेंटन आणि गिल्पिन-ब्राउन या शास्त्रज्ञांनी १९६१ साली युरोपातल्या माकुलावर हे दाखवलं. आतल्या वायूचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षाही कमी, साधारण त्याच्या ०.८ पट, आणि प्राणी कितीही खोल गेला तरी तेवढाच राहतो. दिवसा वाळूत गाडून बसताना ते द्रव वाढवून जड होतं, रात्री शिकारीला निघताना हलकं. फार खोल मात्र जाता येत नाही, ठरावीक खोलीखाली फेन चिरडतं.

शाळेत करण्यासारखे प्रयोग:

अख्खं फेन बादलीत दाबून धरा आणि सोडा, उसळून वर येतं. मग त्याचा हरभऱ्याएवढा तुकडा कापा, बिनसुईच्या ५० मिलीच्या सिरिंजमध्ये रंगीत पाण्यासोबत घाला, तोंड बोटानं बंद करून दट्ट्या ओढा. कापलेल्या कडांतून बुडबुडे सुटतात. दट्ट्या सोडला की पाणी आत शिरतं. चार-सहा वेळा करा, तरंगणारा तुकडा बुडेल. मजल्यांमधला वायूच त्याला तरंगवतो हे यापेक्षा सोप्या रीतीनं दाखवता येईल असं मला वाटत नाही.

दुसरा तुकडा स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये टाका. फसफसतो, कार्बन डायऑक्साइड निघतो. रोज व्हिनेगर बदललं तर शेवटी चुना निघून जातो आणि कायटिन या चिवट सेंद्रिय पदार्थाचे मऊ, पारदर्शक पापुद्रे उरतात. हे आधी करून ठेवा, प्रदर्शनाच्या दिवशी होत नाही.

गोदाकाठचा गण्या
लई भारी माहिती राव. एक येड्यावानी इचारू का? जायकवाडीच्या नाथसागरात सोडलं तर जगंल का ओ हे? आन आमच्या बोअरचं पानी इतकं खारट हाय की चहा नासतो. हौदात ठिवून बघू का?

उदगीरचा फिशरीवाला
गणूभाऊ, येडा प्रश्न नाही, प्रदर्शनात हाच विचारतील. माकूल, नळ (स्क्विड), ऑक्टोपस या अख्ख्या वर्गातली एकही प्रजाती गोड्या पाण्यात राहत नाही. शंख-शिंपले गोदावरीत आहेत, त्यांच्या या चुलत्यांना जमलेलं नाही. बोअरचं पाणी कितीही खारट लागलं तरी लिटरला दोन-तीन ग्रॅम क्षार, समुद्रात साधारण ३५ ग्रॅम. आणि क्षारांचं प्रमाणही वेगळं. हौदात रोहू-कटला सोडा, पैसे तरी सुटतील.

गोदाकाठचा गण्या
सोडलेच हायती. मोटार जळाली तवा अर्धे गेले.

निवृत्त प्राध्यापिका, अंबाजोगाई
पूर्णाकाठ सर, महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं आहे, म्हणून दोन ठिकाणी लगाम घालते.

पहिलं, फेनाचे मजले मोजून "हे माकूल इतक्या दिवसांचं" असं मुलांना लिहू देऊ नका. दिसायला मोह होतो. पण मजले किती दिवसांनी बांधले जातात ते पाण्याच्या तापमानावर आणि खाण्यावर अवलंबून असतं. उपासमारीत मजले दाट होतात. उलट हाच मुद्दा मांडा: दाट पट्टा दिसला तर तेव्हा प्राण्याचे दिवस वाईट गेले असावेत.

दुसरं, बाजारातल्या फेनावर सेपिया फॅराओनिस अशी चिठ्ठी लावू नका. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सेपिया अॅक्युलिएटा, सेपिया इलिप्टिका आणि सेपिएला इनर्मिस याही प्रजाती सापडतात, आणि झिजलेल्या तुकड्यावरून ओळख पटत नाही. तक्त्यावर फॅरो कटलफिशचं जीवनचक्र, फेनाच्या चिठ्ठीवर फक्त "सेपिया वंश". मागच्या टोकाला काटा शाबूत असेल तर तेवढं लिहायला हरकत नाही, कारण सेपिएलाच्या फेनाला काटा नसतो. ते माकूल लहानसं असतं आणि धडाच्या मागच्या टोकाला एक छिद्र असतं, ताजं असताना त्यातून तांबूस-तपकिरी द्रव येतो. बाजारात मिळालं तर तेही आणा, तुलना होईल.

मेंदूविषयी एक तक्ता ठेवा, मुलांना फार आवडतो. तैवानमध्ये याच फॅरो कटलफिशच्या लहान पिल्लांवर प्रयोग झाला, २०१६ साली प्रसिद्ध झाला. चार कोळंब्या आणि पाच कोळंब्या समोर ठेवल्या तर पिल्लू पाचांकडे जातं. एक मोठी की दोन लहान, असं विचारलं तर उपाशी पिल्लू मोठी निवडतं आणि पोट भरलेलं असेल तर दोन लहान. महिन्याभराचं पिल्लू! ओकिनावाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हीच प्रजाती हात दुमडून, हलवून शंखातल्या खेकड्यासारखी चालताना नोंदवली.

रंग बदलण्यासाठी मॉडेल हवंच असेल तर फुग्यावर मार्करने ठिपका काढा आणि फुगा ताणा. रंगपेशीभोवतीचे स्नायू तिला असेच चहूबाजूंनी ओढतात, ठिपका पसरतो. सोडले की आक्रसतो. आणि हे करणाऱ्या प्राण्याला स्वतःला रंग दिसत नाहीत, डोळ्यात प्रकाश टिपणारं एकच रंगद्रव्य (दृष्टिरंजक) आहे. कसं जुळवतो यावर अजून वाद चालू आहेत.

वैद्य नांदेड
समुद्रफेन कानाच्या आणि डोळ्यांच्या औषधांत येतं, म्हणून कुणी आजी प्रदर्शनात "पूड द्या जरा" म्हणाल्या तर देऊ नका. शोधन, म्हणजे शुद्धीकरण, न केलेली बाजारची पूड कानात-डोळ्यांत घालायची नसते. बाकी फिशरीवाल्यांना नमस्कार, वाचनखूण साठवली.

देवगिरीने जाणारा
अख्खं माकूल हवं असेल तर माझा सल्ला असा. मोठ्या शहरातल्या गोठवलेल्या मालात बहुधा साफ केलेलं मिळतं, फेन, शाई, चोच सगळं काढलेलं. तुम्हाला ते उपयोगाचं नाही. मुंबईला कुणी जात असेल तर कोळणीला "साफ करू नका, तसंच द्या" असं आधीच सांगायचं. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, वरून टेप, रात्रीच्या गाडीनं सकाळी परभणी. मी असा मासा आणत असतो, फक्त डब्यातल्या लोकांशी गोड बोलावं लागतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा ताजं विसरा. नारळी पौर्णिमेनंतर माल चांगला.

उदगीरचा फिशरीवाला
याला माझी भर. एवढी दगदग नको असेल तर उदगीरच्या महाविद्यालयात मुख्याध्यापकांच्या पत्रावर सहलीची परवानगी मागा, मुलांना मत्स्यशास्त्र म्हणजे काय तेही कळेल. आधी फोन करून माकुलाचा नमुना दाखवता येईल का ते विचारून जा. शाळेत फॉर्मलिन मात्र आणू नका. कोकणात सहल जाणारच असेल तर रत्नागिरीला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे, ते धरा.

पूर्णाकाठ
सगळ्यांचे आभार. मॅडम, चिठ्ठीचं तसंच करतो. माझा मेहुणा पनवेलला असतो, तो दसऱ्याला येताना आणेल. आता प्रश्न असा, ते वर्गात कापायचं कसं? मला बेडकाचा अनुभव आहे, याचा नाही. आणि काही मुलं माळकरी घरची आहेत.

निवृत्त प्राध्यापिका, अंबाजोगाई
माळकरी मुलांवर सक्ती नको, त्यांना फेनाचा आणि सिरिंजचा टेबल द्या, तो जास्त रंगतो.

कापणं बेडकापेक्षा सोपं. आधी न कापता बाहेरून मोजू द्या: आठ हात आणि दोन लांब शुंडके, शुंडके डोळ्यांखालच्या खिशांत मागे गेलेले असतात, चिमट्याने ओढून काढा. ताज्या प्राण्यात डब्ल्यूच्या आकाराची बाहुली दिसेल, शिळ्यात ती ओळखू येत नाही. मग प्राणी उताणा ठेवून पोटाकडून कात्रीने मधोमध उघडा. पाठीकडून गेलात तर फेनावर कात्री अडेल. दोन पिसांसारखे कल्ले दिसतात, प्रत्येकाच्या बुडाशी एक हृदय आणि मधे तिसरं. रक्तात ऑक्सिजन वाहणारं, तांबं असलेलं हिमोसायनिन असल्याने ते लाल दिसत नाही, हवा लागली की निळसर होतं. शेवटी पाठीची कातडी चिरून फेन अख्खं बाहेर काढू द्या. दुकानातल्या फेनाशेजारी ते ठेवलं की मुलांचं आपोआप बोलणं सुरू होतं.

शाईची पिशवी मागच्या बाजूला चंदेरी-काळी दिसते. तिच्या तोंडाशी दोरा बांधल्याशिवाय कात्री जवळ नेऊ नका, नाहीतर सगळा ट्रे काळा. नीट निघाली तर थोड्या पाण्यात कालवून बोरूने तक्त्याचं शीर्षक त्याच शाईने लिहून घ्या. गणवेश घालून नको, डाग जात नाहीत. उरलेली शाई त्याच दिवशी टाकून द्या, दुसऱ्या दिवशी वासाने वर्ग भरवता येणार नाही.