सिंगर आणि सेंडाक: बोलीतल्या गोष्टींना चेहरे कसे मिळाले?

प्रश्न (अमळनेर): आम्ही काही शिक्षक घरोघरच्या आज्यांकडून ऐकलेल्या अहिराणी गोष्टींचे सचित्र पुस्तक करीत आहोत. त्यासाठी आयझॅक बाशेविस सिंगर यांच्या यिद्दिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) बालकथा व त्यांवरची मॉरिस सेंडाक यांची चित्रे पाहावीत, असे एका ग्रंथपालांनी सुचवले. हे दोघे एकत्र कसे आले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (भुसावळ): सिंगर पोलंडचे. वडील रब्बी (ज्यू धर्मगुरू) असल्याने वॉर्सातील त्यांच्या घरी गल्लीतले लोक तंटेबखेडे घेऊन येत आणि ते ऐकतच सिंगर वाढले. १९३५ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले व तेथील एका यिद्दिश दैनिकात लिहू लागले. पुढे नाझींनी पोलंडमधील ज्यू वस्त्याच नष्ट केल्या, वाचक उणावले, तरीही त्यांनी यिद्दिश सोडली नाही. १९७८ चे नोबेल त्यांना याच भाषेतील लेखनासाठी मिळाले. मुलांसाठी मात्र ते साठीनंतर लिहू लागले आणि त्यासाठी त्यांच्यामागे लकडा लावला तो एलिझाबेथ शुब या संपादक-अनुवादक मैत्रिणीने.

उत्तर (धुळे): सेंडाक १९२८ मध्ये ब्रुकलिनला जन्मले; आईवडील पोलंडहून आलेले ज्यू. १९६६ मध्ये ‘झ्लाते द गोट अँड अदर स्टोरीज’ हे सिंगर यांचे मुलांसाठीचे पहिले पुस्तक निघाले, त्यातील सात कथांना सेंडाक यांची चित्रे आहेत. शीर्षककथेत घरच्या अडचणीपायी झ्लाते ही शेळी खाटकाला विकायला निघालेला बारा वर्षांचा आरोन हिमवादळात सापडतो. तो गवताच्या गंजीत शिरतो. शेळी गवत खाते, तो तिचे दूध पितो आणि तीन दिवसांनी दोघेही सुखरूप घरी परततात. आपल्याकडच्या कडब्याच्या गंजीत लपलेल्या कोणत्याही पोराला ही गोष्ट कळेल. चित्रांतील माणसांचे चेहरे सेंडाक यांनी घरच्या जुन्या छायाचित्रांवरून घेतले आणि त्यांतले कित्येक नातेवाईक नाझींच्या हत्याकांडात मारले गेले होते. माझ्या मते पुस्तकाचे खरे बळ यातच आहे.

उत्तर (जळगाव): धुळ्याच्या मित्रांशी मी पूर्ण सहमत आहे. बहिणाबाईंची गाणी (ती लेवा बोलीतली, तरी खान्देशचीच) सोपानदेवांनी जपली म्हणून १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. आपण शब्दांबरोबर चेहरेही जपावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बाजारातील तयार चित्रे न घेता चित्रकाराला गोष्ट सांगणाऱ्या आजीसमोर बसवावे, घरातील जुने फोटो त्याला दाखवावेत आणि गोष्ट अहिराणीतच छापावी.